रंगाचा डबा आणि त्याचें झाकण

घर रंगवावयास काढलें म्हणजे घरांतील मंडळींचा सारा विचार भिंतींभोंवतीं फिरत असतो. बैठकीच्या खोलीला पिस्ता बरा कीं मोतिया बरा, यावर चार दिवस वाद चालतो. रंगाऱ्याची मजुरी, शिडी, सामान कोणत्या खोलींत हलवावयाचें, या साऱ्यांची चर्चा होते. ज्या डब्यांतून हा रंग यावयाचा त्याच्याकडे मात्र कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. आणि त्याच्या झाकणाची तर गोष्टच नको. दुकानांतून डबा आला, तो कोणीतरी स्क्रू-ड्रायव्हरनें, तो न सांपडल्यास स्वयंपाकघरांतील सुरीनें किंवा उलथन्याच्या टोकानें उघडला, आणि झाकण जें एकदां बाजूला पडलें तें मग कोणाच्या तरी पायाला चिकटल्यावरच पुन्हा दृष्टीस पडतें.

हा विषय रंगाऱ्यांच्या मेळाव्यांत शोभेल, सुशिक्षित कुटुंबांपुढें कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु दारें-खिडक्या, बाळाचा पाळणा, जुनें टेबल, गॅलरीचे गज एवढें तरी रंगविण्याचें काम आतां पुष्कळ घरांतून घरचींच माणसें सुटीच्या दिवशीं करतात. आणि रंगारी लावला तरी तो गेल्यावर उरलेले डबे माळ्यावर राहतात ते आपल्याच. पुढें पांच-सात वर्षें ते तेथें ठाण मांडून असतात. त्यांत पैसा अडकलेला असतो, थोडा उपद्रव असतो, आणि एका ठिकाणीं जिवाचा धोकाहि असतो. त्या धोक्याविषयीं मी शेवटाकडे सांगणार आहें.

आपल्या आजे-पणज्यांना हा प्रश्न पडला नव्हता. दिवाळीपूर्वीं चुनकळी आणावयाची, ती पाण्यांत विझवावयाची, तींत थोडी नीळ आणि थोडा डिंक घालावयाचा, आणि काथ्याच्या कुंच्यानें भिंतींवर हात मारावयाचा. उरलेला चुना मडक्यांत ठेवून त्यावर चार बोटें पाणी राखलें म्हणजे तो वर्षानुवर्षें मऊ राही. चुना कठीण होतो तो हवेंतील कार्बन डायॉक्साइड वायु शोषून. वर पाणी असलें म्हणजे ती हवा त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं. पाण्याचा थर हेंच त्याचें झाकण. तें हरवावयाचें नाहीं, वांकावयाचें नाहीं, आणि आटलें तर तांब्याभर आणखी ओतलें कीं झालें!

आजच्या रंगांचें तसें नाहीं. घरीं येणारे रंग स्थूलमानानें दोन जातींचे. दारें, खिडक्या, गज, कपाटें यांना लावतात तो तेली रंग. दुकानांत त्याला एनॅमल म्हणतात. भिंतींना लावतात तो पाण्याचा. त्याला इमल्शन म्हणतात. दोन्ही ‘वाळतात’ असें आपण म्हणतों. पण त्यांच्या वाळण्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. पाण्याच्या रंगांतील पाणी उडून जातें आणि त्यांत तरंगणारे राळेचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून त्यांचा पापुद्रा होतो. तेली रंगांतील टर्पेंटाइन किंवा तत्सम द्रव उडतो हें खरें, पण तेवढ्यानें तो रंग कठीण होत नाहीं. त्यांतील तेल, — तें पूर्वीं बहुधा जवसाचें असे, आतां अशा तेलांपासून बनविलेली राळ असते, — हवेंतील प्राणवायु शोषून घेतें, आणि त्याच्या योगानें तेलाचे रेणु एकमेकांशीं सांधले जाऊन त्यांचें एक घट्ट जाळें बनतें. तेली रंग वाळत नाहीं, तो हवा खाऊन पिकतो, असें म्हटलें तरी चालेल.

आतां गंमत अशी कीं, आपण दारावर आहों कीं डब्यांत आहों हें रंगाला कळत नाहीं. जेथें हवा भेटेल तेथें तो आपलें काम सुरू करतो. डबा उघडा राहिला म्हणजे दुधावर धरावी तशी त्यावर साय धरते, ती याचमुळें. डबा बंद असला पण निम्मा रिकामा असला, तरी त्या निम्म्या जागेंत हवा आहेच. तेवढ्या हवेच्या मानानें साय येते. कारखानदार रंगांत साय न धरूं देणारें एक द्रव्य घालतात. पण तें उडून जाणारें असतें, आणि तसें तें असावेंच लागतें, नाहींतर दारावरचा रंगहि कधीं वाळला नसता. म्हणून डबा जितका वेळ उघडा राहील तितकें तें द्रव्य कमी होत जातें. चार तास उघड्या राहिलेल्या आणि चार मिनिटें उघडून बंद केलेल्या डब्यांत सहा महिन्यांनीं जो फरक दिसतो, त्याचें एक कारण हें.

पत्र्याच्या डब्यांतून तयार रंग घरोघर जाऊं लागला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. पुन्हा बंद करतां येईल अशा डब्याचें पेटंट अमेरिकेंतील हेन्री शेर्विन यानें १८७७ सालीं घेतलें. तोंपर्यंत बहुतेक रंगारी पूड आणि तेल स्वतः खलून लागेल तेवढाच रंग करीत. उरविण्याचा प्रश्नच नसे. आजच्या डब्याच्या तोंडाशीं पत्र्याची एक गोल पन्हळ असते आणि झाकणाची कड तींत दाबून बसते. पेंच नाहीं, रबर नाहीं. पत्र्याला पत्रा घट्ट भिडला, एवढ्यावर हवा बंद. युक्ति मोठी नामी आहे, पण तितकीच नाजूक. त्या पन्हळींत वाळलेल्या रंगाची एक गांठ राहिली, किंवा झाकणाची कड एका जागीं वांकली, कीं सारा बंदोबस्त फुकट. डबा बंद दिसतो, पण तो बंद नसतो.

म्हणून झाकण उघडण्यापासूनच जपावें लागतें. आधीं झाकणावरची धूळ ओल्या फडक्यानें पुसावी. माळ्यावरून काढलेल्या डब्याच्या बाबतींत तर हें अवश्य करावें, कारण ती सारी धूळ पहिल्या झटक्याबरोबर रंगांत पडते. मग बोथट, रुंद टोंकाचें कांहींतरी घेऊन, — रुंद पात्याचा स्क्रू-ड्रायव्हर चालेल, जुन्या चमच्याचा दांडा त्याहून बरा, — कडेखालीं घालावें आणि किंचित् उचलावें. मग दोन बोटें पुढें सरकून पुन्हा किंचित् उचलावें. असा सबंध फेरा पूर्ण होईपर्यंत घाई करूं नये. दुसऱ्या फेऱ्यांत झाकण आपोआप सुटतें. एकाच जागीं जोर देऊन उचकटलें तर तें उघडतें लवकर, पण त्याला तेथें जी पाळी फुटते ती पुढें हातोडीनें ठोकूनहि पूर्ववत् होत नाहीं. सुरी तर मुळींच वापरूं नये. सुरीहि जाते आणि तळहातहि जातो.

यानंतर जी गोष्ट सांगतों ती एक पाळली तरी निम्मा पसारा टळेल. ज्या डब्यांत रंग विकत आला त्या डब्यांत ब्रश बुडवूं नये. डब्यांतील रंग पट्टीनें तळापासून ढवळावा, — खालीं बसलेला गाळ हाच खरा रंग असतो, — आणि लागेल तेवढा एका लहान डबड्यांत ओतून घेऊन मोठा डबा ताबडतोब बंद करावा. कारणें सांगतों. ब्रश भिंतीवरची माती, लांबीची पूड, कांचकागदाचा भुगा गोळा करीत असतो, आणि पुन्हा बुडविला कीं तो सारा ऐवज रंगाच्या स्वाधीन करतो. ब्रश कांठावर निपटला कीं पन्हळ भरते. डबा दिवसभर उघडा राहतो. आणि शेवटचें कारण असें कीं, घरांत लहान मूल किंवा मांजर असल्यास डबा कधीं ना कधीं लवंडतोच. तो पाव लिटरचा असला तर एक फडकें पुरतें, चार लिटरचा असला तर शेजारी येतात.

ओततांना डब्यावरचा मजकूर वरच्या बाजूला येईल असा तो धरावा. म्हणजे ओघळ मागच्या कोऱ्या बाजूला उतरतो, आणि रंगाचें नांव, क्रमांक व सूचना वाचण्याजोग्या राहतात. पुष्कळ माळ्यांवर असे डबे आहेत कीं ज्यांवर काय लिहिलें होतें हें त्या रंगानेंच झाकून टाकलें आहे! ओतून झालें कीं कोरड्या ब्रशानें पन्हळींतला रंग आंत लोटावा, मग एक चिंधी बोटाला गुंडाळून पन्हळींतून एकदां फिरवावी. याला अर्धें मिनिट लागतें.

कांहीं रंगारी खिळ्यानें पन्हळींत सहा-आठ भोंकें पाडतात, म्हणजे तींत सांचलेला रंग आपोआप खालीं गळतो, आणि झाकण बसलें कीं भोंकें झांकलीं जातात. युक्ति चांगली आहे. परंतु ती त्याच डब्यांत ब्रश बुडविणाऱ्यांसाठीं, आणि डबा दोन-चार दिवसांत संपणार असेल तर. जो डबा पावसाळाभर राहावयाचा त्याला भोंकें पाडूं नयेत असें माझें मत आहे. भोंक पाडलें म्हणजे पत्र्यावरचा कल्हईचा आणि रोगणाचा थर तेथें फाटतो, उघडें लोखंड ओलाव्याला सांपडतें आणि गंज धरतो. पाण्याच्या पांढऱ्या रंगांत तांबूस ठिपके उतरतात ते पुष्कळदां या वाटेनें. कोंकणांत आणि मुंबईंत खाऱ्या हवेमुळें हें फार लवकर होतें.

लहान डबडें एक-तृतीयांशाहून अधिक भरूं नये. त्याच्या तोंडावर आडवी एक तार बांधावी आणि ब्रश तिच्यावर निपटावा. थेंब डबड्याच्या मध्यावर पडतात, कांठ कोरडा राहतो, बाहेर ओघळ येत नाहीं. ब्रशाचे केसहि सबंध बुडवूं नयेत; एक-तृतीयांश पुरे. मुठीपर्यंत बुडविलेला ब्रश भिंतीला थोडा रंग देतो आणि कोंपराला फार देतो. आणि हें डबडें, ढवळण्याची पट्टी, मोठा डबा व त्याचें झाकण, या सर्वांना बसावयास एक जुनी परात द्यावी. नुसत्या वर्तमानपत्राचा भरंवसा धरूं नये. तें रंग शोषून घेतें आणि खालच्या फरशीलाहि वांटा देतें. शिवाय पंखा सुरू झाला कीं तें उडतें. परात असली म्हणजे जें सांडावयाचें तें परातींत सांडतें, आणि सारा संसार एका हातानें उचलून दुसऱ्या खोलींत नेतां येतो.

झाकण ठेवावयाचें तें रंगाची बाजू वर करून, परातींतच, आपल्या डब्याला टेकून. दोन किंवा तीन छटांचें काम एकदम चालू असेल तर याची फार गरज असते. शुभ्र पांढरा आणि किंचित् पिवळसर पांढरा हे डब्यांत पाहिले तर जुळे भाऊ वाटतात. झाकणांची अदलाबदल झाली, आणि दोन वर्षांनीं दारावरचा ओरखडा बुजवावयास झाकणाकडे पाहून डबा उचलला, कीं वाळल्यावर दारावर एक स्पष्ट चौकोन उमटतो. मग तो चौकोन झांकण्यासाठीं सबंध दार रंगवावें लागतें, आणि एक दार नवें दिसूं लागलें म्हणजे बाकीचीं जुनीं दिसूं लागतात. असा एका झाकणापायीं खर्च वाढत जातो.

याकरितां ओळखीची खूण झाकणावर करूं नये, डब्याच्या अंगावर करावी. झाकण बदलतें, अंग बदलत नाहीं. आतां दुकानांत यंत्रानें रंग मिसळून देतात आणि त्या छटेचा क्रमांक एका चिठ्ठीवर छापून ती डब्याला, पुष्कळदां झाकणालाच, चिकटवितात. झाकण गेलें कीं क्रमांक गेला. मग दुकानदारापुढें हातवारे करून ‘आकाशीच, पण जरा राखेकडे झुकणारा’ असें वर्णन करीत बसावें लागतें. तो क्रमांक त्याच दिवशीं घरच्या हिशेबाच्या वहींत उतरावा, आणि डब्याच्या अंगावर खोलीचें नांव, महिना, सन लिहावें. काम संपल्यावर आंत जेथपर्यंत रंग उरला असेल तेथें बाहेरून ब्रशानें एक आडवी रेघ ओढावी. त्या रेघेनें दोन गोष्टी कळतात: आंत किती आहे हें, आणि वाळल्यावर ही छटा कशी दिसते हें. डबा उघडण्याचें कारणच उरत नाहीं.

झाकण बसवितांना पुन्हा सबुरी हवी. पन्हळ आणि झाकणाची कड दोन्ही पुसून घ्यावीं. झाकण हातानें जागेवर टेकवावें, वर एक जुनें फडकें टाकावें म्हणजे उरलासुरला थेंब चेहऱ्यावर उडत नाहीं, त्यावर लांकडाचा एक सपाट ठोकळा आडवा ठेवावा, आणि त्या ठोकळ्यावर हातोडी हळू मारावी. हातोडी सरळ झाकणावर मारूं नये; तिनें झाकणाला मध्यें खळगा पडतो आणि कड उचलली जाते. पन्हळ आधींच बिघडली असेल तर झाकणाखालीं प्लॅस्टिकचा पातळ कागद घालून मग दाबावें. कांहीं महिने निभावतात.

डबा पालथा ठेवावा कीं नाहीं, याविषयीं रंगाऱ्यांत दोन पंथ आहेत. पालथा ठेवल्यास रंगच झाकणाच्या फटी बुजवितो, आणि साय धरली तरी ती बुडाशीं धरते, म्हणजे डबा सरळ केला कीं ती तळाला राहते, असें पहिला पंथ म्हणतो. झाकण नवें आणि निर्दोष असेल तर हें खरें आहे. पण तसें झाकण असल्यास पालथें घालण्याची फारशी गरज नसते, आणि नसल्यास सकाळीं माळ्यावरून रंग टपकतो. मला दुसरा उपाय बरा वाटतो. उरलेला रंग थोडा असेल तर तो त्याच मापाच्या लहान, स्वच्छ डब्यांत काठोकाठ भरावा. एनॅमल ५० व १०० मिलिलिटरच्या लहान डब्यांतूनहि विकलें जातें. ते डबे धुवून ठेवलेले असले कीं या कामीं येतात. हवाच नाहीं तर साय कशी येणार? मोठ्या डब्यांतच ठेवणें भाग असेल तर तेली रंगावर चमचाभर टर्पेंटाइन हळूच पसरावें आणि न ढवळतां झाकण लावावें. चुन्याच्या मडक्यावर पाणी राखण्याचीच ही रीत. द्रव तेवढा निराळा.

मात्र लोणच्याची बरणी, जॅमची बाटली, सरबताची शिशी या कामीं कदापि घेऊं नये. उरलेलें टर्पेंटाइन पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलींत भरून न्हाणीघराच्या कोपऱ्यांत ठेवण्याची वाईट खोड पुष्कळ घरांत आहे. तें दिसतें पाण्यासारखें. तहानलेलें मूल बाटली ओळखतें, वास ओळखत नाहीं. टर्पेंटाइन किंवा रॉकेल प्यालेल्या मुलाला खरा धोका असतो तो फुप्फुसांत द्रव उतरण्याचा, म्हणून अशा मुलाला ओकारी काढावयास लावूं नये. जसेंच्या तसें तांतडीनें इस्पितळांत न्यावें. हें पुनः सांगतों, कारण अशा वेळीं मिठाचें पाणी पाजण्याकडेच घरच्या वडील माणसांचा हात जातो.

ठेवण्याची जागा कोरडी, सावलीची, आणि चुलीपासून व देव्हाऱ्यांतील समईपासून दूर असावी. टर्पेंटाइनची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ज्योतीपर्यंत पोंचूं शकते. आपल्याकडे डब्यांचा वैरी म्हणजे पावसाळा. श्रावणांत पत्र्याच्या कांठाला गंज धरतो आणि दिवाळींत झाकण उघडतांना त्याची पूड आंत पडते. डब्याखालीं फळी असावी, फरशीवर ते सरळ टेकूं नयेत. जुना डबा उघडल्यावर साय दिसली तर ती ढवळून मोडूं नये. पातळ पट्टीनें कडेकडेनें सोडवून सबंध उचलून काढावी, आणि खालचा रंग विरळ फडक्यांतून गाळून घ्यावा. तो बहुधा चांगला निघतो. पाण्याच्या रंगाला कुजकट वास येत असेल तर मात्र त्यांत जंतूंनीं घर केलें आहे असें समजावें. त्याला गाळून उपयोग नाहीं.

आपण माळा उघडलाच आहे तर जुन्या डब्यांच्या वयाचीहि चौकशी करावी. शेंदूर आणि सफेता हे रंगाऱ्याचे जुने सोबती, दोन्ही शिशाचे. सफेत्यानें रंगाऱ्यांना होणारा विषार इतका परिचित होता कीं, १९२१ सालीं जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या परिषदेनें घरांच्या अंतर्भागांत तो वापरण्यावर बंधन घालणारा करार मंजूर केला. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशावर कायद्याची कडक मर्यादा आली ती फार उशीरा: २०१६ सालीं नियम निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसें असलेला रंग करण्यास व विकण्यास बंदी झाली. तेव्हां त्यापूर्वींचा डबा, विशेषतः झगझगीत पिवळा, तांबडा किंवा नारिंगी, पाळण्याला, खेळण्यांना, मुलांच्या खोलीला वापरूं नये. त्याच्या कांठावरचे वाळलेले पापुद्रे नखानें खरवडण्याची मुलांना मोठी हौस असते. तें बोट पुढें तोंडांत जातें. आणि शिसें मुलांच्या मेंदूला जें नुकसान करतें तें भरून येत नाहीं. असा डबा ओल्या फडक्यानें पुसून, पक्का बंद करून, घराबाहेर काढणेंच श्रेयस्कर.

आतां ज्या धोक्याचा मीं आरंभीं उल्लेख केला त्याकडे वळतों. तो डब्यांत नाहीं, तर डबा पुसलेल्या चिंध्यांत आहे. तेल प्राणवायु शोषतें तेव्हां उष्णता निर्माण होते. दारावर ती कोणाला जाणवत नाहीं, कारण पातळ थरांतून ती लगेच हवेंत निघून जाते. पण तेलानें भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यांत टाकला म्हणजे काय होतें पाहा. कापडाच्या धाग्याधाग्यावर तेल पसरलेलें, म्हणजे हवेला भेटणारा पृष्ठभाग पुष्कळ. आणि बोळ्याच्या पोटांत उष्णता कोंडलेली. ऊब वाढली कीं शोषण वेगानें होतें, शोषण वाढलें कीं ऊब आणखी वाढते, आणि कांहीं तासांनीं, कोणी काडी न ओढतां, तो बोळा आपोआप पेट घेतो. निव्वळ जवसाच्या तेलाच्या बाबतींत, — लांकडी सामानाला चकाकी आणण्यास तें आजहि लावतात, — हा धोका सर्वांत अधिक. तेली रंग आणि व्हार्निशच्या चिंध्यांनाहि तोच न्याय लावावा.

ही कल्पनेंतली गोष्ट नव्हे. अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरीं ‘वन मेरिडियन प्लाझा’ नांवाची ३८ मजली इमारत होती. तिच्या २२ व्या मजल्यावर लांकडी कामाला तेल लावण्याचें काम चाललें होतें. २३ फेब्रुवारी १९९१ रोजीं, शनिवारीं, कामगारांनीं तेथें ठेवलेल्या जवसाच्या तेलाच्या चिंध्या रात्रीं पेटल्या. आग सुमारें १९ तास जळत होती. आठ मजले खाक झाले, अग्निशामक दलाचे तीन जवान मृत्यु पावले, आणि ३० व्या मजल्यावर आपोआप पाणी शिंपडणाऱ्या नळ्या होत्या म्हणून ती तेथें थांबली. ती इमारत पुन्हा वापरांत आली नाहीं. १९९९ सालीं ती पाडून संपविली.

घरच्या घरीं उपाय अगदीं सोपा आहे. तेली चिंध्या एकीवर एक टाकूं नयेत. गॅलरींत किंवा अंगणांत दोरीवर एकेक सुटी पसरून वाळवावी. पूर्ण वाळून कडक झाली कीं ती निरुपद्रवी होते. तेवढी जागा नसेल तर पत्र्याच्या डब्यांत पाणी भरून त्यांत त्या बुडवाव्या आणि झाकण लावावें. कारखान्यांतून याच कामासाठीं आपोआप मिटणाऱ्या झाकणाचे लोखंडी डबे ठेवतात. प्लॅस्टिकची पिशवी, पुठ्ठ्याचें खोकें, केराची टोपली, यांपैकीं कांहींहि चालणार नाहीं. त्यांनीं उष्णता कोंडते आणि वर जळावयास इंधनहि मिळतें. रंगारी लावला असल्यास संध्याकाळीं तो निघतांना ‘चिंध्या कोठें टाकल्या?’ एवढें त्याला विचारण्यास घरच्या माणसांनीं संकोचूं नये. भिंत कशी झाली हें दुसऱ्या दिवशीं पाहिलें तरी चालतें.

राहतां राहिला तो संपलेला डबा. उरलेला रंग मोरींत किंवा गटारांत ओतूं नये. भांडेंभर पाणी ओतल्यानें तो नाहींसा होत नाहीं, पुढें कोणाच्या तरी ओढ्यांत जातो. तळाशीं थोडाच असेल तर त्यांत वाळू किंवा लांकडाचा भुसा कालवावा आणि मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा मोकळ्या जागीं झाकण काढून तो दगडासारखा होऊं द्यावा. केंद्र सरकारच्या २०१६ सालच्या घनकचऱ्याच्या नियमांत रंगाचे टाकाऊ डबे ‘घरगुती धोकादायक कचरा’ या सदरांत घातले होते. तेव्हां ओल्या-सुक्या कचऱ्यांत न मिसळतां ते निराळे द्यावे. पाण्याच्या रंगाची २० लिटरची प्लॅस्टिकची बादली मात्र कोणी टाकीत नाहीं, आणि टाकावी असें मीहि म्हणत नाहीं. धुवून तुळशीला, झेंडूला, फरशी पुसण्याला ती उत्तम. धान्याला आणि पिण्याच्या पाण्याला ती घेऊं नये. शिवाय रांगतें मूल घरांत असेल तर तींत पाणी सांठवून ती उघडी ठेवूं नये. बादली उंच आणि जड असते. मूल वांकून तींत डोक्यावर पडलें तर ती लवंडत नाहीं, आणि वीतभर पाणीहि पुरे होतें. या बादलीचें झाकण चांगलें घट्ट असतें. तें तिच्याबरोबरच जपून ठेवावें. पत्र्याचा रिकामा डबा भंगारवाल्याला देतांना मात्र झाकण काढून वेगळें द्यावें, म्हणजे आंत ओलें कांहीं उरलेलें नाहीं हें त्याला डबा पोत्यांत टाकण्यापूर्वींच दिसतें.